दोन्ही हातांची मोटर

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ या २०१८ च्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे चौथे प्रकरण आहे. शिक्षक ते आवडीने शिकवतात आणि परीक्षेतही त्याला वजन आहे. धारेमुळे उष्णता निर्माण होते, धारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, चुंबकीय क्षेत्रातल्या तारेवर बल येते, मग विद्युत चलित्र, मग विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि शेवटी जनित्र, असा क्रम आहे. क्रम चांगला आहे. आकृत्या स्वच्छ आहेत. चलित्राच्या आकृतीतली वेटोळ्याची चौकट, दुभंगलेली कडी आणि ब्रश मुलांना नीट ओळखता येतात, काढताही येतात.

तरीही या प्रकरणाविषयी आमची एक गंभीर तक्रार आहे आणि ती या लेखात सविस्तर मांडायची आहे. पुस्तकात चलित्रासाठी फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे, जनित्रासाठी उजव्या हाताचा. अंगठ्याचा नियम धरला तर तीन नियम आणि दोन हात. मुले परीक्षेच्या आदल्या रात्री ‘कोणता हात कशाला’ एवढेच पाठ करतात. परंतु फिरत्या मोटरमध्ये दोन्ही हातांचे नियम एकाच वेळी लागू असतात, ही गोष्ट प्रकरणात येत नाही. मोटरचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात फिरते म्हटल्यावर ते जनित्राचेच वेटोळे झाले. त्यात विभवांतर निर्माण होणारच, आणि ते बॅटरीच्या विरुद्ध दिशेने असणार. इंग्रजीत याला ‘बॅक ईएमएफ’ म्हणतात. आपण उलटे विभवांतर म्हणू. अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घेणाऱ्यांना ते पुढे भेटते. बाकीच्या मुलांचा भौतिकशास्त्राशी संबंध दहावीतच संपतो, आणि मिक्सर, पंप, पंखे, विजेवरच्या स्कूटर ही मुलेही आयुष्यभर वापरणार असतात.

ही उणीव केवळ तात्त्विक आहे असे कोणी म्हणेल. ती तशी नाही हे दाखवायला आम्ही एक खेळणे घेतो, रिमोटची गाडी. पनवेलमधल्या काही शिक्षकांबरोबर आमची अधूनमधून बैठक होते. तिथे एका बाईंनी आपल्या वर्गातला प्रश्न आणला. मुलांचे म्हणणे असे की गाडीत तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट लागतात. ते नऊ केले तर गाडी दुप्पट पळेल का? खेळण्यांच्या दुकानात त्यांना ‘व्होल्ट वाढवा, स्पीड वाढेल’ असे सांगितले होते. बाईंनी प्रामाणिकपणे पुस्तकातला ओहमचा नियम लावला: विभवांतर दुप्पट तर धारा दुप्पट, शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, म्हणून शक्ती चौपट, तेव्हा मोटर जळेल. मुलांनी करून पाहिले. कोणी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडली, तर गाडी जेमतेम हलली. कोणी सहा पेन्सिल सेल बाहेरून रबरबँडने बांधले, तर गाडी सुसाट पळाली आणि मोटर जळली नाही. मग एका मुलाने पळती गाडी एकदम मागे घेतली, आणि सर्किटमधून धूर आला.

आता वर्गात काय सांगायचे? दुकानदाराचे म्हणणे एकदा खरे ठरले आणि एकदा खोटे. पुस्तकाचेही तसेच. ज्या नियमाच्या जोरावर आपण नववी-दहावीची सगळी गणिते सोडवून घेतो, त्याचा भर वर्गात असा बोजवारा उडाला तर मुले नियमावर नव्हे, आपल्यावर अविश्वास दाखवतात. आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

हिशोब करून पाहू. आकडे सोपे धरू. गाडीतल्या लहान मोटरच्या वेटोळ्याचा रोध १ ओहम आहे आणि सेल आदर्श आहेत असे माना. ओहमचा नियम सरळ लावला तर साडेचार व्होल्टला ४.५ अँपिअर धारा वाहिली पाहिजे. प्रत्यक्षात सपाट फरशीवर धावणाऱ्या गाडीत मोजले तर मीटर अर्धा अँपिअरच्या आसपास दाखवतो. उरलेली धारा गेली कुठे? कुठेही नाही, ती वाहिलीच नाही. वेटोळे फिरते तेव्हा त्यात ४ व्होल्टचे उलटे विभवांतर तयार होते. बॅटरीचे साडेचार उणे हे चार, राहिले अर्धा व्होल्ट. ते १ ओहम रोधातून अर्धा अँपिअर वाहवतात. ओहमचा नियम मोडलेला नाही. तो उरलेल्या अर्ध्या व्होल्टला लागू आहे.

मग वेग कशाने ठरतो? उलटे विभवांतर वेगाच्या प्रमाणात असते. आणि धारा किती हे ठरवते ओझे, म्हणजे चाकांचे घर्षण, गालिचा, चढ, गाडीवर ठेवलेली पट्टी. मोटरचा पिळा धारेच्या प्रमाणात असतो. जेवढा पिळा लागतो तेवढी धारा ती ओढून घेते. मोटर हा रोध नव्हे, ती गिऱ्हाइकासारखी मागणी करणारी वस्तू आहे. पुस्तकातल्या गणितांतले सगळे रोध मुके असतात: जितके व्होल्ट द्याल तितकी धारा निमूट घेतात. मोटर उलट उत्तर देते. हा फरक एकदा कळला की पुढचे सगळे सुटत जाते.

आता नऊ व्होल्ट द्या. फरशी तीच, घर्षण जवळजवळ तेच, म्हणून लागणारा पिळाही तोच आणि धाराही तीच, अर्धा अँपिअर. अर्धा व्होल्ट रोधात जातो आणि उलटे विभवांतर होते साडेआठ. पूर्वी चार होते, म्हणजे वेग दुपटीहून थोडा अधिकच झाला! वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून असते, आणि धारा बदललेली नाही. म्हणून ती पूर्वीइतकीच राहते, पाव वॅट. ब्रशांचे घासणे आणि लोखंडी गाभ्यातला अपव्यय वेगाबरोबर वाढतो, हवेचा विरोधही वाढतो; त्यामुळे खरे आकडे इतके गोंडस येत नाहीत. परंतु पळणारी मोटर न जळण्याचे कारण हेच. बाईंनी चौपट शक्तीचा हिशोब केला होता. प्रत्यक्षात बॅटरीतून घेतलेली शक्ती दुप्पट झाली, आणि तिचा बहुतेक भाग वेगात गेला.

जळण्याची जागा दुसरीच आहे. गाडी उभी असताना उलटे विभवांतर शून्य असते. त्या क्षणी मोटर खरोखरच १ ओहमचा रोध असते आणि पुस्तकातले गणित तंतोतंत लागू पडते. साडेचार व्होल्टला ४.५ अँपिअर, सुमारे २० वॅट उष्णता. नऊ व्होल्टला ९ अँपिअर, ८१ वॅट. गाडीने वेग घेतला की हे क्षणात संपते. पण गाडी सोफ्याच्या पायाला अडली आणि मुलाचे बोट बटणावरच राहिले, तर अंगठ्याएवढ्या मोटरमध्ये एका लहान सोल्डरिंग आयर्नहून अधिक उष्णता कोंडते. वेटोळ्याच्या तारेवरचे वार्निश वितळायला मग फार वेळ लागत नाही.

याहून वाईट म्हणजे पळती गाडी एकदम मागे घेणे. मुलांना हा खेळ फार आवडतो. गाडीत चार ट्रान्झिस्टरांची एक मांडणी असते. ती बॅटरीची जोडणी उलटसुलट करून मोटरची दिशा बदलते. बटण दाबताच बॅटरी उलटी जोडली जाते, पण चाके अजून पुढेच फिरत असतात. त्या क्षणी साडेआठ व्होल्टचे विभवांतर बॅटरीच्या विरुद्ध न राहता तिच्या मदतीला येते. नऊ अधिक साडेआठ, साडेसतरा व्होल्ट, आणि आदर्श सेल असतील तर साडेसतरा अँपिअर! खेळण्याच्या मूळ रचनेत हाच आकडा साडेआठ होता. ते छोटे ट्रान्झिस्टर मूळ आकडाच कसाबसा सोसत असतात. धूर मोटरमधून न येता सर्किटमधून का आला, याचे उत्तर हे.

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणातले. ती चौपट ऊर्जा भिंतीवर आदळताना प्लॅस्टिकच्या दंतचक्रांना सोसावी लागते. म्हणून व्होल्ट वाढवलेल्या गाड्यांची दंतचक्रे लवकर तुटतात. शिवाय ब्रशांवर ठिणग्या वाढतात. प्रत्येक ठिणगी हे रेडिओलहरींचे एक बारके प्रक्षेपण असते, आणि २७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या स्वस्त गाडीचा ग्राहक या गोंगाटात रिमोटचा आवाज हरवून बसतो. मोटरच्या टोकांवर सोल्डर केलेले छोटे चकतीसारखे कपॅसिटर असतात, ते या गोंगाटासाठीच. पूर्वी शेजारचा मिक्सर सुरू झाला की रेडिओ खरखरायचा, तोच हा प्रकार.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचे कोडे अजून राहिले. त्यासाठी सेलकडे वळावे लागेल, आणि इथे आठवीच्या पुस्तकाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या प्रकरणात कोरडा घट, लेड-आम्ल घट आणि निकेल-कॅडमिअम घट दिलेले आहेत. निकेल-कॅडमिअम घटाचे विभवांतर १.२ व्होल्ट, तो पुन्हा प्रभारित करता येतो, एवढे कळते. चाणाक्ष मुलगा लगेच विचारतो: दीड व्होल्टचा सेल असताना १.२ व्होल्टचा कोण घेईल? याचे उत्तर घटाच्या अंतर्गत रोधात आहे, आणि अंतर्गत रोध ही कल्पना शाळेच्या पुस्तकांनी वरच्या वर्गांसाठी राखून ठेवली आहे.

सेलच्या आतही धारा वाहते, आणि तिला आतल्या रसायनांचा रोध होतो. चौकोनी बॅटरीत सहा चिमुकले घट दाटीवाटीने बसवलेले असतात. जुन्या झिंक-कार्बन प्रकारात त्यांचा एकूण अंतर्गत रोध बराच असतो. समजा तो १० ओहम आहे. उभ्या मोटरला जोडली की एकूण रोध ११ ओहम, धारा ०.८ अँपिअर. मोटरच्या वाट्याला ०.८ व्होल्ट आले, बाकीचे आठहून अधिक बॅटरीच्या पोटातच संपले. याउलट तीन अल्कलाइन पेन्सिल सेलांचा रोध मिळून समजा ०.६ ओहम, एकूण १.६ आणि धारा २.८ अँपिअर. पिळा धारेच्या प्रमाणात, म्हणजे ‘साडेचार’ व्होल्टची गाडी ‘नऊ’ व्होल्टच्या गाडीहून साडेतीनपट जोराने उठते. बॅटरीवर छापलेले व्होल्ट हे तिने काहीही काम न करतानाचे व्होल्ट असतात, हे मुलांना एकदा मीटर लावून दाखवावेच.

आता तीन पुनर्भारित सेल घेऊ, निकेल-कॅडमिअम किंवा अलीकडचे निकेल-मेटल हायड्राइड. विभवांतर फक्त ३.६ व्होल्ट, पण अंतर्गत रोध मिळून ०.१ ओहमच्या घरात. उभ्या मोटरला धारा मिळते सुमारे ३.३ अँपिअर. व्होल्ट कमी, झेप मात्र जास्त! सपाट फरशीवरचा कमाल वेग कमी राहील, पण गालिच्यावर आणि चढावर हीच गाडी पुढे जाईल. चाणाक्ष मुलाच्या प्रश्नाला हे उत्तर आहे, आणि ते आठवीतही सांगता येते. त्याला बेरीज आणि भागाकार सोडून काहीही लागत नाही.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वर आपण आदर्श सेल धरून ९ आणि १७.५ अँपिअर असे आकडे काढले. सहा अल्कलाइन पेन्सिल सेलांत १.२ ओहम अंतर्गत रोध असल्यामुळे प्रत्यक्षात अडलेल्या मोटरमधून चार अँपिअरच्या आसपासच धारा जाते. म्हणजे सेलचा दुबळेपणा हाच गाडीचा फ्यूज होता. स्वस्त खेळण्यात वेगळा फ्यूज क्वचितच असतो. अमुक प्रकारच्या सेलमधून अमुक इतकीच धारा निघेल हे त्याच्या रचनेत गृहीत असते. ताकदीचे सेल घातले की हे गृहीत कोसळते, मग व्होल्ट तेवढेच का असेनात.

आणि आज मुलांच्या हातात येतात ते लिथियम-आयन घट. १९९१ मध्ये हे घट प्रथम बाजारात आले. त्यांच्यावरच्या कामाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतून आणि पॉवर बँकेतून निघणारा १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा नळकांडा मुले ओळखतात. एकाचे विभवांतर ३.७ व्होल्ट, पूर्ण भारित असता ४.२. याच जातीचा, हुबेहूब पेन्सिल सेलच्या आकाराचाही घट मिळतो. आकार तोच, व्होल्ट अडीचपट! चार सेलांच्या खणात असे चार बसवले तर सहाऐवजी जवळजवळ सतरा व्होल्ट होतात, आणि अंतर्गत रोध इतका कमी की अडलेल्या मोटरला कोणी वाचवू शकत नाही. टोके एकमेकांना टेकली तर दहापट धारा वाहू शकते. घट तापला, ठेचला गेला, फाजील भारित झाला किंवा भलत्याच चार्जरवर लावला तर आतली रसायने स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात आणि घट पेट घेतो. पेन्सिल सेल फार तर गळतो. हा घट जळतो. शाळेच्या प्रयोगांत सुटे लिथियम घट आणू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पण नुसती बंदी सांगून भागत नाही. मुलगा घरी करणारच. ३.७ हा आकडा ४.५ हून लहान असूनही धोकादायक का, हे त्याला कळले तरच तो हात आवरेल. आणि हे कळण्यासाठी लागणाऱ्या दोन्ही कल्पना, उलटे विभवांतर आणि अंतर्गत रोध, नेमक्या पुस्तकाबाहेर आहेत.

पुस्तककर्त्यांच्या बाजूने बोलायचे तर पानांची मर्यादा असते आणि सोपे आधी, अवघड नंतर हा क्रमही योग्यच आहे. मुक्या रोधापासून सुरुवात करावी याबद्दल वाद नाही. आमचा आक्षेप तिथेच थांबण्याला आहे. चलित्र आणि जनित्र एकाच प्रकरणात, काही पानांच्या अंतराने, शिकवलेली आहेत. त्या दोहोंमध्ये ‘फिरत्या चलित्रात जनित्रही असते’ हे एक वाक्य आणि एक गणित घालायला अर्धे पान पुरले असते. आज त्या जागी मुलाला दोन स्वतंत्र यंत्रे, दोन आकृत्या आणि दोन हात मिळतात.

ही कल्पना नवीन तर मुळीच नाही. मोरित्झ याकोबी याने १८३४ मध्ये फिरती मोटर बनवली आणि १८३८ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला अशी मोटर नावेत बसवून ती नाव नेवा नदीवर चालवली. पुढच्या वर्षी त्याने घट बदलले, ग्रोव्हचे अधिक ताकदीचे घट घेतले आणि तीच नाव अधिक चांगली चालवून दाखवली. आपल्या पनवेलच्या मुलांचा हा पूर्वजच म्हणायचा. त्याचा सहकारी होता हाइनरिख लेन्झ. प्रवर्तनातून निघणारी धारा तिला जन्म देणाऱ्या कारणाला विरोध करते, हा नियम त्याचा. मोटर वेगात आली की घटातून कमी धारा घेते हे याकोबीच्या ध्यानात आले होते. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात तर ग्राम याचे एक जनित्र दुसऱ्याला जोडले गेले आणि ते मोटर होऊन फिरू लागले. एकच यंत्र दोन्ही कामे करते हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. दीडशे वर्षे झाली.

प्रयोगातून शिकवणाऱ्यांकडेही थोडे पाहू. अरविंद गुप्ता यांनी आपल्याकडे घरोघरी पोचवलेली साधी मोटर, एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा रबरबँड, एक चुंबक आणि वार्निशच्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, हे आमच्या मते शालेय विज्ञानातले एक उत्तम खेळणे आहे. बहुतेक शाळांतून ते होते, वेटोळे फिरते, टाळ्या पडतात, आणि प्रयोग तिथेच संपतो. फिरताना धारा किती आणि बोटाने अडवल्यावर किती हे कोणी मोजत नाही. खरे तर त्या मोटरमध्ये हा फरक मोजणे कठीणच. वेटोळे मोजक्या फेऱ्यांचे आणि चुंबक दूर, त्यामुळे उलटे विभवांतर अगदी थोडे निर्माण होते. या कामासाठी खेळण्यातली मोटरच हवी.

म्हणून बिघडलेली एक रिमोटची गाडी वर्गात आणा आणि तिची मोटर सोडवून घ्या. दोन पेन्सिल सेल, टॉर्चचा जुना तारेचा बल्ब आणि मोटर एकसर जोडा. (असा बल्ब आता शोधावा लागतो, एलईडी चालणार नाही.) मोटर मोकळी फिरत असताना बल्ब मंद असतो. तिचा दांडा चिमटीत धरून हळूहळू अडवा, बल्ब उजळत जातो. पूर्ण थांबवा, लख्ख पेटतो. मुलांना आधी विचारा काय होईल. ‘मोटर थांबली म्हणजे वीज बंद, बल्ब विझेल’ असेच बहुतेकजण सांगतात. घरचा मिक्सर अडकल्यावर जळका वास का येतो, याचे उत्तर त्यांना त्या बल्बात दिसते. इथे बल्ब मोटरचे रक्षणही करतो, त्यामुळे निर्धास्तपणे अडवा.

मीटर असेल तर मोटर सेलपासून पूर्ण सुटी करा, टोके मीटरला लावा आणि दांडा बोटांनी गर्रकन फिरवा. काटा हलतो किंवा आकडा येतो. उलट फिरवा, आकड्याचे चिन्ह बदलते. उजवा हात इथे दिसला. मग मोटरची दोन्ही टोके एका तारेने एकमेकांना जोडा आणि दांडा पुन्हा फिरवा. तो जड लागतो. तार काढा, हलका होतो. सेल नाही, ब्रेक नाही, तरी हाताला विरोध जाणवतो. लेन्झचा नियम बोटाला कळावा यासाठी आम्हाला याहून स्वस्त साधन माहीत नाही.

एका सरांनी आम्हाला शेतावरच्या पंपाविषयी विचारले होते: तिथे तर व्होल्टेज कमी झाल्यावर मोटर जळते, ते कसे? ती प्रत्यावर्ती धारेची प्रवर्तन मोटर, रचना वेगळी. पण मागणीचा हिशोब तोच. पाणी तेवढेच उचलायचे आहे. व्होल्टेज घटले तर मोटर थोडी मंदावते आणि लागणारा पिळा गाठण्यासाठी जास्त धारा ओढते. तापते ती या धारेने. ‘जास्त व्होल्ट म्हणजे जळणार’ हे सूत्र किती अपुरे आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असते, फक्त पुस्तकाला नसते.

आता पनवेलकरांच्या रोजच्या पाहण्यातली व्होल्टेजवाढ. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट एकदिश धारेवर. पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये, मध्य रेल्वेने मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि शेवटी पनवेलपर्यंतच्या हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये ही पद्धत सोडून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारा घेतली. जवळजवळ सतरापट वाढ! मग मोटरी जळल्या का? नाही, कारण मोटरीपर्यंत ते व्होल्ट जातच नाहीत. गाडीतले रोहित्र ते आधी उतरवते. वाढ हवी होती ती डोक्यावरच्या तारेसाठी. गाडी ३० लाख वॅट मागत असेल तर १५०० व्होल्टला तारेतून २००० अँपिअर न्यावे लागतात, २५,००० व्होल्टला १२० पुरतात. तारेचा रोध तोच धरला तर तारेत वाया जाणारी उष्णता पावणेतीनशे पटींनी उतरते. आणि जुन्या एकदिश धारेच्या लोकलमध्ये उभ्या मोटरीचा प्रश्न कसा सोडवला होता? सुरुवातीला मोटरीबरोबर मोठे रोध एकसर जोडलेले असत. गाडी वेग घेईल तसतसे ते एकेक करून वगळले जात. म्हणजे उलटे विभवांतर तयार होईपर्यंत त्याची जागा लोखंडी रोधांनी सांभाळायची. रिमोटच्या गाडीत हेच काम गरीब पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध करत होता.

त्या बैठकीतल्या बाईंच्या वर्गातून नंतर आणखी एक प्रश्न आला: गाडी उतारावर सोडली तर तिचे सेल पुन्हा भरतील का? प्रश्न चोख आहे. उतारावर वेग इतका वाढला की उलटे विभवांतर सेलच्या विभवांतराहून मोठे झाले, तर धारेची दिशा फिरेल. खेळण्यातल्या गाडीत दंतचक्रांचे घर्षण तेवढा वेग येऊ देत नाही, आणि साधे झिंक-कार्बन सेल भरताही येत नाहीत. पण २००७ पासून मुंबईत आलेल्या, तीन-फेज मोटरी असलेल्या लोकल हेच करतात. ब्रेक लागला की मोटरी जनित्रे होतात, गाडी मंदावते, आणि तयार झालेली वीज डोक्यावरच्या तारेत परत जाते. जवळपास वेग घेत असलेली दुसरी लोकल ती वापरते.